मला न विचारता दिलेला नकार

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सातारा

५ डिसेंबर २०२३, मंगळवार, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. औषधांच्या खिडकीवरच्या घड्याळात पाहिलं होतं. चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखक म्हणून काढली. कोण किती वाजता आत गेलं, किती वाजता बाहेर आलं, हे बघायची सवय निवृत्त झाल्यावरही जात नाही.

अकरा चाळीसला नर्सने डॉक्टरांच्या दारातून डोकं बाहेर काढलं. "अंजना जगदाळेंचे नातेवाईक कोण आहेत?" धनाजी उठला, माझा धाकटा भाऊ. मीही उठले. ती म्हणाली, "आजी, तुम्ही बसा. पेशंटचं काम नाही."

पेशंटचं काम नाही!

आणि मी बसले. आज मला सगळ्यात जास्त हेच लागतंय – की मी बसले. न्यूमोनियाचा ताप उतरून चारच दिवस झाले होते, पायांत जोर नव्हता, आणि वाटलं घरी सोडण्याबद्दल काही असेल. धनाजी सतरा मिनिटं आत होता. बाहेर आला तेव्हा हातात तपकिरी पाकीट. मी हात पुढे केला तर त्याने ते काखेत धरलं. म्हणाला, "काय न्हाई अक्का. छातीत जुना डाग हाय, कफाचा. चल घरला."

ते पाकीट मी आजवर उघडून पाहिलेलं नाही. पण त्यातल्या कागदांची नक्कल आज माझ्यासमोर आहे. रुग्णालयाच्या दप्तरखान्यात दोन तास उभी राहून मिळवली. पहिल्या कागदावर – उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात नऊ मिलिमीटरची गाठ. तीन महिन्यांत पुन्हा स्कॅन करावा, किंवा सुईने तुकडा काढून तपासावा. दुसऱ्या कागदावर – पुढील तपासणीची गरज आम्हास समजावून सांगितली आहे, आम्ही स्वखुशीने नकार देत आहोत. खाली सही. धनाजी तात्याबा जगदाळे. नातं : भाऊ.

आम्ही म्हणजे कोण?

रिपोर्ट इंग्रजीत होता. पाचगणीच्या सिस्टरांनी नऊ वर्षं माझ्याकडून इंग्रजी घोटून घेतली. सुभेदार बापाने मुलीला बोर्डिंगात घातलं, मुलाला शेतावर ठेवलं. तर वाचता येणारी मी बाहेर खुर्चीवर आणि सातवीपर्यंत शिकलेला धनाजी आत!

ती गाठ आता बावीस मिलिमीटर आहे.

४ फेब्रुवारी

धनाजीचे तीन फोन. उचलले नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं चालणार नाही.

गुडघा बदलायचा होता. धनाजीची मुलगी साक्षी सांगलीत राहते, कॉलेजात शिकवते. तिच्याकडे राहून तिथेच करायचं ठरलं. त्याआधीचा नेहमीचा एक्स-रे काढला. त्यात सावली दिसली, मग स्कॅन झाला, मग मला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बाई आहेत, चाळिशीच्या. भराभर बोलतात, पण बोलताना माझ्या तोंडाकडे बघतात. त्यांनी विचारलं, याआधी कधी छातीचा स्कॅन झाला होता का? मी म्हटलं, झाला होता, जुना डाग निघाला. त्या म्हणाल्या, "त्याचे कागद आणा. गाठ दोन वर्षं तेवढीच असेल तर मी तुम्हाला घरी पाठवीन. वाढली असेल तर थांबता येणार नाही."

म्हणून सोमवारी तो दप्तरखाना.

आज त्यांना फोनवर आकडे वाचून दाखवले. मग त्यांनी विचारलं, "मग मधे परत स्कॅन का नाही केलात?" मी म्हटलं, मला गाठ आहे हेच माहीत नव्हतं. त्यांना हे नवीन नसावं. मग म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात मिरजेला पेट स्कॅन – म्हणजे बाकी अंगात कुठे काही आहे का ते दिसतं – आणि त्यानंतर सुईची तपासणी. करायची का?

करायची, म्हटलं. विचारायला आणि उत्तर मिळायला एवढाच वेळ लागतो.

शालूबाई भाकऱ्या करायला येते. तिने विचारलं, बाई, भांडी का आपटताय? सांगितलं तिला सगळं. तिला काही विशेष वाटलं नाही. "आवं, पेशंटला कुनी सांगतं व्हय? आमच्या मालकास्नी शेवटपत्तूर मुतखडाच हाय म्हनून सांगितलं."

मी विचारलं, त्यांना कळलं नव्हतं?

दोन भाकऱ्या थापून झाल्यावर म्हणाली, "ठावं असनारच की. पर त्येंनी बी आमास्नी कवा सांगितलं न्हाई."

९ फेब्रुवारी, रविवार

कडेगावला जाऊन आले. एसटीने, कराडला बदलून, हातात काठी.

धनाजी शिवारात होता. उसाची तोड चालू होती. मला बांधावरून येताना पाहून धावत आला – फोन केला असतास तर न्यायला आलो असतो, अशा पायानं कशाला आलीस. मी कागद काढून त्याच्यासमोर धरला. ही सही कुणाची?

तो कागदाकडे बघत राहिला. मग उसाकडे. मी बोलत सुटले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. मी काय दावणीचं जनावर आहे का, असं म्हटलं. मी तुझ्या सातबाऱ्यावरची जमीन आहे का, असंही म्हटलं. टोळीतली माणसं कोयते थांबवून बघायला लागली. राग फार झाला की मी इंग्रजीत जाते. लहानपणापासून त्याने ते ऐकलंय, कधी उलट उत्तर दिलेलं नाही. आजही दिलं नाही. हात पँटीला पुसत उभा राहिला.

मग मी म्हणाले, मायाच्या वेळीही तू असाच – आणि पुढे म्हणणार होते, असाच वेळ घालवलास.

तेवढ्यात तो बोलला. आवाज न चढवता.

"मायाच्या येळला तुझंच ऐकलं की अक्का. सुई लावली. दीड म्हैन्यात गेली."

माया त्याची बायको. तिला जाऊन सहा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत त्याने हे कधीच म्हटलं नव्हतं. तेराव्याला नाही, एकाही भाऊबीजेला नाही. दर भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं आणि तो हे मनात ठेवून पाटावर बसला.

तो म्हणाला, पाणी पी, ऊन लागेल. मी न पिता निघाले. कराडच्या स्टँडवर उतरले तेव्हा लक्षात आलं, काठी बांधावरच राहिली.

१० फेब्रुवारी

माया सुईने गेली नाही. हे इथे लिहून ठेवते. सुई लावली तेव्हाच तिचा आजार यकृतात पोचला होता. सुई लावली की गाठ चवताळते, हे गावातलं बोलणं. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारलं. त्यांनी दहा मिनिटं समजावून सांगितलं. म्हणाल्या, रोज निम्मे लोक हीच भीती घेऊन येतात.

म्हणजे माझंच बरोबर होतं. धनाजीचं चूक.

बरोबर असून मी काय करू?

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल वही उघडली आणि मिटली. आज लिहिते.

मे २०१९, मिरज. त्या दिवशीही डॉक्टरांनी नातेवाइकांना आत बोलावलं होतं. धनाजी मला म्हणाला, तू जा अक्का, तुला कळतं. मी आत गेले. तो बाहेर मायाजवळ बसला, पाण्याची बाटली धरून. डॉक्टरांनी मला सगळं सांगितलं. किती महिने, तेही सांगितलं. आणि त्या दोन दारांच्या मधे, दहा-बारा पावलांत, मायाला काय सांगायचं ते मी ठरवून टाकलं. मला तसं कुणी करायला सांगितलं नव्हतं. धनाजीनेही नाही.

तिने विचारलं, "वन्सं, मला काय झालंय? तुमी खरं सांगाल."

मी म्हणाले, साधी गाठ आहे माया. सुईने पाणी काढून बघतात.

जायच्या आठवडाभर आधी ती मला म्हणाली, दुधीचं बी कुठल्या डब्यात ठेवलंय ते साक्षीला सांगा. मी म्हटलं, तूच सांग की. तर नुसती हसली. तिला कळलेलं होतं. आणि मी तिला एक दिवससुद्धा ते उघड बोलू दिलं नाही. मुलाला काही सांगायचं असेल, नवऱ्याला काही विचारायचं असेल, माहेरी एकदा जाऊन यायचं असेल. मी तिला मोसंबी सोलून देत होते.

मला बाहेर बसवलं म्हणून मी आठ दिवस आदळआपट करते आहे. मायाला कुणी बाहेर बसवलं?

म्हणून धनाजीचा गुन्हा लहान होतो का? नाही होत. मी उलटसुलट करून पाहिलं. होत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. सांगली

पेट स्कॅन झाला. इंजेक्शन देऊन एका खोलीत तासभर एकटं बसवतात. बोलायचं नाही, हलायचं नाही. मला एकटं बसायचं कौतुक नाही, पण आज भिंत फार जवळ वाटली.

येताना गाडीत साक्षीने सांगून टाकलं. तिला माहीत होतं. शिवतेजलाही माहीत होतं. शिवतेज म्हणजे तिचा भाऊ, फौजेत आहे, जोधपूरला. धनाजीने दोघांना त्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि शपथ घातली होती.

तर म्हणून! गेलं वर्षभर शिवतेज दर रविवारी न चुकता फोन करत होता. मी शेजाऱ्यांना सांगत होते, फौजेने पोरगं सुधारलं. म्हणून दिवाळीला साक्षीने नऊवारी आणली, जी मी कधीच नेसत नाही. म्हणून सगळे माझ्याशी इतके गोड वागत होते, आणि मला वाटत होतं, म्हातारपणी का होईना, माझी किंमत कळली.

आणि धनाजी दर पौर्णिमेला औंधला यमाईचा डोंगर अनवाणी चढतो. मला वाटलं, बायको गेल्यावर देवाला लागला. मी त्याची थट्टाही केली होती – आता पुजाऱ्याची जागा मागणार का, म्हणून. साक्षी म्हणाली, "आत्या, ते तुमच्यासाठी जात होते. मार्चमधे तुमचा खोकला थांबला ना, तेव्हा बाबांना वाटलं गाठ विरघळली."

तीन महिन्यांनी एक स्कॅन करायचा होता. त्याच्या जागी चौदा पौर्णिमा.

साक्षी गाडी चालवत होती आणि रडत होती. म्हटलं, आधी समोर बघ.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सुईची तपासणी झाली. स्क्रीन मला दाखवा, म्हटलं. दाखवता येत नाही म्हणाले. पण सुई कुठून जाणार, किती आत जाणार, काय बिघडू शकतं, हे डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलं, आणि सुई घालताना पुन्हा. श्वास धरा, सोडा, धरा. फार दुखलं नाही. वाट बघणं जास्त दुखतं.

धनाजी फाटकाबाहेर रसवंतीच्या बाकावर सकाळी आठपासून बसला होता म्हणे. वर आला नाही. साक्षीने हे मला संध्याकाळी सांगितलं. या घरात न सांगण्यासारखं तेवढं बरोबर सांगतात.

१९ फेब्रुवारी

जिवंत आहे. साक्षीला म्हटलं, तुझ्या बापाला कळव.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी तो टेबलावरून माझ्याकडे सरकवला. आधी तुम्ही वाचा, म्हणाल्या. एवढ्यासाठी त्यांना मी जन्मभर दुवा देईन. तो जन्म किती, ते बघू.

कॅन्सर आहे. पेट स्कॅनमधे फुफ्फुसाच्या मुळाशी एक ग्रंथीही उजळली आहे. बाकी अंग साफ आहे.

मी विचारलं, डिसेंबर तेवीसमधे हे धरलं असतं तर? साक्षी म्हणाली, आत्या, आता कशाला ते. मी तिला गप्प केलं. बाई थोडा वेळ पेनाशी खेळल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा बहुतेक तेवढी गाठ काढून भागलं असतं. ग्रंथीपर्यंत गेलं नसतं, असं मला वाटतं. पण खात्रीने कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

माझ्याकडे लहान वही होती. त्या बोलत असताना माझा हात आपोआप लघुलिपीत लिहीत गेला, अक्षर न हलता. दुसऱ्या कुणाची साक्ष असावी तसा. साक्षीने वही पाहिली, तिला त्यातलं काही वाचता येत नाही. बरं झालं.

मग रुग्णालयाच्या न्हाणीघरात गेले, नळ पूर्ण सोडला आणि रडले. बादली भरून वाहायला लागली तेव्हा नळ बंद केला. बाहेर आले तर साक्षी म्हणाली, पोहे खाऊ या का? खाल्ले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. सातारा

पाच तारखेला इथल्या रुग्णालयाला रजिस्टरने पत्र टाकलं होतं. आज उत्तर. दोन ओळी. 'रुग्णाच्या भावाने पुढील तपासणीस नकार दिला असून तशी सही आमच्या दप्तरी आहे. सबब याबाबत रुग्णालयाची कोणतीही जबाबदारी राहत नाही.'

सबब! कोर्टातला शब्द वापरला की झालं, असं वाटतं यांना. शुद्धीत असलेली, स्वतःच्या पायांनी चालणारी बाई दारापासून पाच फुटांवर बसली होती. तिला का विचारलं नाही, यावर अक्षर नाही. पत्रात माझं नावही नाही.

ओळखीच्या वकिलांना फोन केला. त्यांनी घेतलेल्या जबान्या-उलटतपासण्या मी वीस वर्षं लिहून घेतल्या आहेत. ते म्हणाले, केस उभी राहते, नक्की राहते. पण पहिला साक्षीदार तुमचा भाऊ. त्याच्यावरच ते सगळं ढकलणार.

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. पिंजऱ्यात धनाजी. समोर रुग्णालयाचा वकील. शिक्षण किती? सातवी. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं ना? व्हय साहेब. तरी नकार दिलात? व्हय साहेब. बहीण अविवाहित आहे? तिच्या वाट्याची जमीन तुम्हीच कसता? तिच्यामागे ती कुणाला जाणार? असे प्रश्न मी शेकड्यांनी लिहून घेतले आहेत. प्रश्न विचारणाऱ्याला त्यात काही वाटत नाही, आणि मला वाटतं की नाही हे कुणी विचारत नव्हतं.

तो सगळ्याला 'व्हय साहेब' म्हणेल. त्याला दुसरं काही येत नाही.

रुग्णालयाला मी सोडलेलं नाही. वरच्यांकडे तक्रार करीन, दारोदार करीन. पण धनाजीला त्या पिंजऱ्यात उभं करणार नाही. हे त्याच्यासाठी करते आहे असं नाही. मला ते बघवणार नाही.

२ मार्च, रविवार

धनाजी आला. काठी घेऊन, आणि गुऱ्हाळावरची काकवीची बाटली. पायरीवरच बसला. आत ये म्हटलं नाही, तर आत आला नाही. शालूबाईने चहा बाहेर नेऊन दिला.

चहा संपवून त्याने विचारलं, सुईच्या जागेला दुखतंय का? नाही, म्हटलं.

मग म्हणाला, डॉक्टर म्हणाले होते कॅन्सर असू शकेल, नसूही शकेल. त्याने तेवढं एकच ऐकलं. त्यांना म्हणाला, तिला सांगू नका, ती एकटी राहते.

एकटी राहते म्हणूनच मला कळायला हवं होतं, मी म्हटलं. माझ्या जागी दुसरं आहे कोण?

"मला न्हाई जमलं अक्का सांगायला. तू अशी बघतीस."

"कशी बघते?"

"माझ्या पाटीवरचं गनित तपासल्यागत."

मे महिन्याच्या सुट्टीत बोर्डिंगातून आले की मी त्याची पाटी तपासायची. चुकलं की सिस्टर मारायच्या तशी पट्टी मारायची. तो सहा वर्षांचा असेल. मी विसरले होते.

चारच्या गाडीने गेला. माफी मागितली नाही. मीही मायाबद्दल काही बोलले नाही – जे त्याला सांगायला हवं होतं ते. ओवाळताना तो गप्प बसायचा तशी बसले.

शालूबाई म्हणाली, "भाऊ लय वाळलाय वो."

म्हटलं, आणि मी?

"तुमी पैल्यापास्नंच वाळलेल्या."

६ मार्च, गुरुवार. सांगली

शस्त्रक्रियेचे डॉक्टर भेटले. तरुण आहेत, हात स्वच्छ. रस्ते सांगितले. एक – उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग आणि ग्रंथी काढायच्या, मग औषधं. माझा श्वास जेमतेम पुरेल इतका आहे, त्यामुळे धोका नेहमीपेक्षा जास्त. दोन – सुरी न लावता किरणं, त्याच्या जोडीला औषधं. त्रास वेगळा, पण मुळापासून जाईल याची आशा कमी. तीन – काहीच न करणं. मी विचारलं, माझ्यासारख्या शंभर बायकांना तुम्ही कापलंत तर किती घरी जात नाहीत? त्यांनी डोळे न चुकवता सांगितलं, चार-पाच. आणि न कापता? तेही सांगितलं.

म्हणाले, घरच्यांशी बोला आणि कळवा. मी म्हटलं, घरची मीच. करू या.

२० मार्च ठरली. १९ला भरती.

धैर्य वगैरे काही नाही. भीती वाटते. आज रस्ता ओलांडताना वाहनांची वाटली, जिना उतरताना पायऱ्यांची वाटली. सकाळी साक्षीच्या गॅलरीतून पाहिलं, एक बाई वाळवणाचे कुरडया-पापड पसरत होती समोरच्या गच्चीवर, पुढच्या वर्षभराचे. तिचा एवढा हेवा वाटला की आत येऊन बसले.

११ मार्च, मंगळवार

शनिवारी कागद भरले. प्रत्येक कागद वाचून सही केली. एका ठिकाणी व्याकरण चुकलं होतं, ते सुधारून दिलं. डॉक्टरीणबाई हसल्या.

एक कागद कोरा घरी आणलाय. ऑपरेशननंतर मला शुद्ध आली नाही आणि यंत्रावर ठेवावं लागलं, तर पुढचं कुणाला विचारायचं? एकच नाव. डॉक्टर म्हणाले, "सगळ्यात शिकलेल्या माणसाचं नको. तुम्हाला जे हवं तेच जो करील त्याचं लिहा."

साक्षीने तिचंच धरलंय. जवळ आहे, समंजस आहे. पण ती अजून एक दिवस थांबू म्हणेल, मग अजून एक. तिच्या आईच्या वेळी म्हणाली होती. शिवतेज हजार किलोमीटरवर. शालूबाईला विचारलं असतं तर तिने मुतखडा म्हणून सांगितलं असतं.

तीन दिवस कागद उशाशी ठेवून झोपते आहे असं लिहिणार होते, पण झोप लागत नाही.

१३ मार्च, गुरुवार. सातारा

शालूबाईचा भाचा कडेगावच्या गाडीवर कंडक्टर आहे. त्याच्याबरोबर पत्र पाठवलं. नक्कल ठेवते.

धनाजी,

५ डिसेंबरचं मी माफ केलेलं नाही. टेबलावरून उठले तर पुन्हा भांडणार आहे.

मायाचं एक तुला सांगायचं राहिलंय. तिने मला विचारलं होतं आणि मी खोटं बोलले. तू नव्हतास त्यात. सुईने ती गेली नाही, पण तिला न सांगण्याचा दोष माझा.

आता हे. २० तारखेला मला शुद्ध आली नाही तर डॉक्टर आत कुणाला बोलावतील, त्या जागी मी तुझं नाव लिहिलंय. आठ दिवस यंत्रावर ठेवायचं. नवव्या दिवशी नाही, कुणी कितीही रडलं तरी. मायाच्या नळ्या काढा असं तूच म्हणालास. मी आणि साक्षी भिंतीकडे तोंड करून उभ्या होतो.

तुला ते झेपेल की नाही, हे मला गृहीत धरायचं नाही. म्हणून विचारते. होय किंवा नाही, एका शब्दात, स्वतःच्या अक्षरात. शिवतेजकडून लिहून घ्यायचं नाही. फोन चालणार नाही. कागद स्वतः आणून माझ्या हातात द्यायचा – मंगळवार, १८ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत.